घरच्या संगणकाचें दुखणें

घरांत एखादें माणूस आजारी पडलें म्हणजे त्याच्या उशाशीं जितकीं माणसें जमतात तितकीं औषधें निघतात, हा अनुभव सर्वांनाच आहे. यंत्राची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. फरक इतकाच कीं, माणूस "आतां पुरे करा" असें म्हणूं शकतो आणि यंत्र बिचारें मुकाट्यानें सर्व उपचार सोसतें. गेल्या पौषांत लातुरास माझ्या धाकट्या बहिणीच्या घरीं असाच एक रोगी मला पाहावयास मिळाला. हकीकत एका घरची असली तरी तींत सांपडलेलें दुखणें पुष्कळ घरांत असण्याचा संभव आहे. म्हणून या महिन्यांत सदराची सर्व जागा तिलाच देतों.

हा रोगी म्हणजे माझ्या भाच्यानें आपल्या हातानें जुळविलेला संगणक. तयार यंत्र विकत न घेतां मदरबोर्ड एकाकडून, रॅम दुसऱ्याकडून, कॅबिनेट तिसऱ्याकडून असे भाग गोळा करून ते घरीं जोडावयाचे, अशी हौस हल्लींच्या मुलांत आहे. मला ती पसंत आहे. पैसे थोडे कमी लागतात, आणि पेटींत काय आहे तें कळतें. आपल्या देशांत बांधलेला पहिला मोठा संगणकहि एका अर्थीं असाच घरीं जुळविलेला होता. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील मंडळींनीं स्वतः खपून तो १९६० सालीं चालू केला आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याला 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. भाच्याचें यंत्र अर्थात् त्या मानानें पोरखेळ. परंतु एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. त्यानें घेतलेला मदरबोर्ड नवा नव्हता. कोणाच्या तरी यंत्रांतून निघालेला, २०१९ सालचा होता.

या संगणकावर भाच्याचा अभ्यास चाले; पण दुपारीं तीन ते पांच हा वेळ माझ्या बहिणीचा. तिचे सासरे, ज्यांना आम्ही सर्वजण नाना म्हणतों, ९१ वर्षांचे आहेत. १९४८ च्या सप्टेंबरांत भारताचें सैन्य निजामाच्या राज्यांत शिरलें आणि १७ तारखेस तें राज्य संपलें, तेव्हां नाना चौदा वर्षांचे होते. उर्दूंतून झालेलें शिक्षण, रातोरात सोडलेलें गांव, बार्शीस परक्याच्या ओसरीवर काढलेले महिने, आणि परत आल्यावर दाराला जसेंच्या तसें लटकत असलेलें कुलूप, अशा त्यांच्या आठवणी. दुपारचा चहा झाला कीं नाना आरामखुर्चींत बसून सांगत आणि बहीण तें टाइप करी. अशीं बावीस प्रकरणें झालीं होतीं. त्यांपैकीं पहिलीं पांच कागदावर छापून काढलेलीं. राहिलेलीं सतरा त्या एका संगणकाच्या डिस्कवर, आणि अन्यत्र कोठेंहि नाहींत. कारण विचाराल तर तेंच, जें आपणां सर्वांचें असतें: आज करूं, उद्यां करूं.

दिवाळीनंतर या यंत्राला सकाळीं उठण्याचा कंटाळा येऊं लागला. बटण दाबावें, आंतले पंखे फिरावे, दिवे लागावे, आणि पडदा मात्र काळाच्या काळा. कधीं आपोआप बंद पडून पुनः सुरू व्हावें. तीन-चार वेळां असें झालें म्हणजे मग एकदांचें चित्र उमटे, आणि तें उमटलें कीं दिवसभर यंत्र अगदीं सुरळीत चाले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुनः तोच प्रकार.

आतां उपचार ऐका. भाच्याच्या मदरबोर्डावर चार बारीक दिवे आहेत. प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क या चौघांपैकीं जेथें गाडें अडलें असेल तेथला दिवा जळत राहतो. येथें रॅमचा दिवा जळे. म्हणून भाच्यानें रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांचीं सोनेरी टोकें खोडरबरानें पुसलीं, पुनः बसविल्या, आणि यंत्र चालूं लागलें. विजय झाला! दुसऱ्या सकाळीं पडदा काळा. मग त्यानें पट्ट्यांच्या जागा बदलल्या, यंत्र चाललें. तिसऱ्या सकाळीं पुनः काळा. एका मित्रानें सांगितलें म्हणून पंख्यांवरची धूळ काढली, चाललें. शेजारच्या गृहस्थांच्या सल्ल्यानें मॉनिटरची केबल बदलली, चाललें. प्रत्येक उपचार त्या दिवसापुरता रामबाण आणि दुसऱ्या दिवशीं व्यर्थ. कावळा फांदीवर बसावा आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ गळून पडावें, याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. भाच्याच्या खोलींत त्या महिन्यांत रोज एक कावळा बसत होता आणि रोज एक फळ पडत होतें.

एवढ्यावर भागलें असतें तर मला लातुरास जाण्याचें कारण नव्हतें. परंतु एका संध्याकाळीं त्यानें एकाच बैठकींत दोन कामें केलीं. आणखी दोन रॅम-पट्ट्या मिळविल्या होत्या त्या बसविल्या, आणि जुन्या संगणकांतील छायाचित्रांची एक हार्ड डिस्क होती तीहि जोडली. त्या रात्रीं सर्व ठीक चाललें. सकाळीं मात्र बराच वेळ काळा पडदा राहून शेवटीं पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ आली कीं, ज्यावरून सुरू व्हावें अशी डिस्कच सांपडत नाहीं. भाच्यानें बाजारांतील एका कारागिरास फोनवरून विचारलें. त्यानें यंत्र न पाहतांच सांगितलें, "विंडोज उडालें. सगळें पुसून नव्यानें टाका, अर्ध्या तासाचें काम." मुलगा कामसू, त्यानें पेनड्राइव्ह तयार केला, तो लावला, आणि कोणती डिस्क पुसावयाची असा प्रश्न पडद्यावर येईपर्यंत मजल गेली. त्या वेळीं माझी बहीण चहा घेऊन खोलींत आली. तिला संगणकाचें शास्त्र कळत नाहीं. पण "पुसावयाचें" या शब्दाचा अर्थ तिला कळतो. तिनें मुलाचा हात धरला आणि मला नांदेडास फोन केला. "दादा, नानांचीं प्रकरणें त्यांत आहेत. तूं येईपर्यंत मी याला हात लावूं देत नाहीं."

मीं तिला एवढेंच सांगितलें कीं, भिंतीवरचा स्विच बंद कर आणि खोलीला कडी घाल. दुसऱ्या दिवशीं लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.नें लातूर गांठलें. पिशवींत माझा लॅपटॉप, डिस्क बाहेरून जोडण्याची तार, एक स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर आणि मीटर, इतकींच आयुधें होतीं.

पोंचल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आधीं रॅम पाहूं या." मीं म्हटलें, आधीं नानांचीं प्रकरणें पाहूं या. यंत्राचा प्लग काढला, कॅबिनेट उघडलें, मुख्य डिस्क अलगद सोडवून घेतली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली. बावीसहि प्रकरणें जागच्या जागीं होतीं. त्यांची एक प्रत लॅपटॉपवर व एक पेनड्राइव्हवर घेईपर्यंत पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत. संगणक सुरू होत नाहीं याचा अर्थ त्यांतील लिखाण गेलें असा नव्हे, ही गोष्ट कारागीर बहुधा सांगत नाहींत. दिवाणखान्याचें कुलूप बिघडलें म्हणून कपाटांतलीं पुस्तकें जळत नाहींत. दार उघडत नाहीं म्हणून घरच पाडावयास निघालें तर मात्र पुस्तकें वांचणार नाहींत, आणि पुसून नव्यानें टाकणें हा प्रकार त्यांतलाच. नाना हें सर्व खुर्चींतून पाहत होते. "अहो मास्तर," ते म्हणाले, "बार्शीहून परत आलों तेव्हां आमच्या वडिलांनींहि कुलूप न काढतां आधीं खिडकींतूनच आंत पाहिलें होतें." हें वाक्य बहिणीनें लगेच टिपून घेतलें.

आतां माझी फजिती सांगतों. कॅबिनेटच्या कडेला हात लागला तेव्हां बोटांना झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर त्यांतील दिवा मंद जळूं लागला. मला वाटलें, सांपडलें! संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटींत, जिला एस.एम.पी.एस. म्हणतात, विजेंतील खरखर जमिनींत सोडून देण्यासाठीं दोन बारीक कपॅसिटर असतात. भिंतीवरच्या सॉकेटांतील तिसरें मोठें छिद्र खरोखर जमिनीशीं जोडलेलें असेल तर ही खरखर निमूटपणें निघून जाते. तें जोडलेलें नसेल तर आपल्या २३० व्होल्टांच्या निम्मा, म्हणजे सुमारें ११५ व्होल्टांचा दाब कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. त्यांतून वाहणारा प्रवाह फार थोडा असल्यामुळें माणसास नुसता चिमटा बसतो. सॉकेट उघडून पाहिलें तों तिसरी तार होती, पण ती परसांत जाऊन ज्या खड्ड्यांत उतरली होती तो खड्डा वाळून दगड झालेला.

आमच्या मराठवाड्यांत हा दोष घरोघर सांपडेल. खालीं काळा कातळ, वर हातभर माती, आणि तींतला ओलावा माघाबरोबर संपलेला. अशा जमिनींत वीज शिरणार कशी? म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यांत कोळसा व मीठ भरावयाचें आणि उन्हाळ्यांत वरचेवर पाणी ओतावयाचें अशी रीत आहे. पण ज्या लातुरानें २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें आलेलें पाणी प्यालें, तेथें खड्ड्याला घागरभर पाणी घाला असें सांगण्याचें धैर्य कोणाला व्हावें! बहिणीनें त्यावर तोड काढली. भांडीं विसळलेलें पाणी आतां त्या खड्ड्यांत जातें. वायरमननें खड्डा उकरून कोळसा-मीठ भरलें, सॉकेटांतील ढिली तार घट्ट केली, आणि टेस्टरचा दिवा विझला. भाच्यानें डिस्क जागेवर बसविली. सुरू करण्याच्या क्रमांत जुनी छायाचित्रांची डिस्क पहिली आलेली होती. तिच्यावर पूर्वींचें विंडोज अर्धवट पुसलेलें असल्यानें यंत्र तेथेंच अडकत होतें. क्रम बदलतांच विंडोज हजर झालें. तें कोठें उडालें नव्हतेंच. मी मोठ्या समाधानानें जेवलों आणि झोंपीं गेलों.

सकाळीं पडदा काळा.

इतकेंच नव्हे, तर मोठ्या कष्टानें यंत्र उठलें तेव्हां डिस्कांचा क्रम पुनः उलटा झालेला. म्हणजे भाच्याच्या सर्व कावळ्यांत माझाहि एक कावळा जाऊन बसला. अर्थिंगचें काम जरूर होतें. परंतु या दुखण्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. नाना हंसले, आणि तें साहजिकच होतें.

मग मीं जें पहिल्याच दिवशीं करावयास पाहिजे होतें तें केलें. बहिणीला समोर बसवून विचारलें, "तुला काय दिसतें तें सांग." ती म्हणाली, "मला कोणी विचारलेंच नाहीं. मीं लिहून ठेवलें आहे." आणि स्वयंपाकघरांतून तिनें 'कालनिर्णय' काढून आणलें. तारखांच्या ज्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो त्याच चौकोनांत कोपऱ्याला बारीक अक्षरें होतीं. "उ" म्हणजे उशिरा, "ल" म्हणजे लगेच. डिसेंबरच्या ३१ चौकोनांत २८ "उ" आणि ३ "ल". वीज कधीं गेली व किती वेळ गेली याचीहि नोंद होती. इन्व्हर्टरवर दिवे-पंखेच असल्यानें वीज गेली कीं संगणक बंद पडतो, म्हणून ती तिला ठेवावी लागे.

ज्या घरांत न्यायशास्त्राचें नांव निदान कानांवरून गेलेलें आहे तेथें अन्वय-व्यतिरेक हे शब्द परके नसावे. कारण असेल तेथें कार्य असलें पाहिजे हा अन्वय; कारण नसेल तेथें कार्यहि नसलें पाहिजे हा व्यतिरेक. भाचा महिनाभर अट्ठावीस "उ" कडे पाहत बसला होता. बहिणीच्या हातांत तीन "ल" होते, आणि खरी किल्ली त्यांत होती. मीं विचारलें, त्या तीन सकाळींच्या आदल्या रात्रीं काय झालें होतें? दोन रात्रीं भाचा उशिरापर्यंत काम करून तसाच झोंपला होता. तिसऱ्या रात्रीं पाहुणे आले होते आणि त्या खोलींत भिंतीला लागून त्यांची गादी घातली होती. एरवीं रोज रात्रीं निजण्यापूर्वीं बहीण त्या भिंतीवरचा स्विच बंद करी. पूर्वी एकदां वळिवाच्या विजेनें त्यांचा दूरदर्शन-संच जळाला होता, तेव्हांपासूनचा तो नेम. त्या तीन रात्रीं मात्र स्विच चालू राहिला होता.

"आणखी एक आहे, दादा," ती म्हणाली. "नानांचें अठरावें प्रकरण मीं गेल्या महिन्यांत लिहिलें. त्यावर तारीख २०१९ ची आहे. तेव्हां तर हें यंत्र आमच्या घरीं नव्हतें."

येथें थोडें शास्त्र सांगणें प्राप्त आहे. संगणक सुरू होण्याला इंग्रजींत 'बूट' होणें म्हणतात. हा शब्द बुटाच्या मागच्या पट्टीवरून आला. आपल्याच बुटाची पट्टी ओढून आपणच आपल्याला उचलणें, अशी ती अशक्य कल्पना. आपण स्वतःच्या शेंडीला धरून स्वतःस उचलणें असें म्हणूं. अडचण खरीच आहे. संगणकाला कोणतेंहि काम करण्यास आज्ञावली लागते, आणि ती डिस्कवरून वाचून घेण्यासहि आज्ञावलीच लागते. म्हणून मदरबोर्डावरच एका लहानशा चिपेंत पहिल्या आज्ञा कायमच्या लिहिलेल्या असतात. यंत्र जागें होतांच त्या आज्ञांप्रमाणें आधीं स्वतःची तपासणी करतें, जसा आपल्याकडे उठतांच प्रथम आपले तळहात पाहण्याचा पाठ आहे. पुरवठ्याचे निरनिराळे दाब ठीक झाले कीं नाहीं, प्रोसेसर उत्तर देतो कीं नाहीं, रॅम किती व कोणत्या जातीची, चित्र दाखविणारा भाग जागा आहे काय, आणि शेवटीं कोणत्या डिस्कवरून पुढें जावयाचें.

यांतल्या कांहीं गोष्टी घरोघर निराळ्या असतात: आजची तारीख, डिस्कांचा क्रम, रॅमचा वेग. १९८१ च्या आय.बी.एम. संगणकांत अशा गोष्टी बोर्डावरच्या बारीक स्विचांनीं ठरवाव्या लागत, आणि तारीख रोज उठून हातानें सांगावी लागे. १९८४ सालीं त्याच कंपनीनें काढलेल्या पुढच्या यंत्रांत घड्याळ आणि त्याच्या सोबतीला ६४ बाइटांची एक चिमुकली वही बसविली, व वीज नसतांना ती जिवंत राहावी म्हणून एक बॅटरी दिली. तीच व्यवस्था आजवर चालत आली आहे. रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल प्रत्येक मदरबोर्डावर दिसेल. त्यावर सी.आर. २०३२ असें लिहिलेलें असतें. २० म्हणजे व्यास वीस मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट.

आतां हिशेब पाहा. या सेलांत सुमारें २२० मिलिअँपिअर-तास इतकी वीज असते. घड्याळ व वही मिळून त्यांतून अंदाजें पांच मायक्रोअँपिअर घेतात असें धरलें तर ४४,००० तास, म्हणजे पांच वर्षें झालीं. भिंतीवरचा स्विच चालू असला म्हणजे बंद दिसणाऱ्या संगणकांतहि ५ व्होल्टांचा एक राखीव पुरवठा चालू राहतो आणि सेलावर भार पडत नाहीं. स्विच रोज बंद केला कीं रात्रभर तो भार सेलावर. २०१९ सालच्या बोर्डावरचा मूळचा सेल दिवाळीच्या सुमारास संपावा यांत नवल तें काय? मीटर लावला, २.४ व्होल्ट.

सेल संपला कीं रोज रात्रीं वही कोरी होई. सकाळीं यंत्र जागें होई तें सर्व विसरून. तारीख बोर्डाच्या जन्माची, २०१९ ची. विंडोज सुरू होतांच तें इंटरनेटवरून खरी तारीख घेई म्हणून कोणाच्या लक्ष्यांत येत नसे. इंटरनेट बंद असलेल्या एका दुपारीं मात्र अठराव्या प्रकरणावर जुनी तारीख उमटली. पण काळ्या पडद्याचें काय? रॅमचा वेग किती ठेवावा हें विसरलेल्या बोर्डाला तिची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते. प्रत्येक पट्टीशीं किती वेगानें बोलतां येतें हें तो चाचपून पाहतो. जमलें नाहीं तर स्वतःच बंद होऊन पुनः आरंभ करतो. पट्ट्या निरनिराळ्या जोड्यांतल्या असल्या तर वेळ अधिक लागतो, आणि तेवढा वेळ चित्र दाखविणारा भाग अजून झोंपलेलाच असतो. म्हणजे रॅमचा दिवा जळत होता तो रॅम बिघडली म्हणून नव्हे, तर तिच्याशीं बोलणें चाललें होतें म्हणून. भाचा त्या बोलण्याच्या मध्यें बटण दाबून यंत्र बंद करी, पट्टी पुसून पुनः सुरू करी, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेस दम धरी. तेव्हां चित्र दिसे व श्रेय खोडरबराला मिळे.

मीं लगेच सेल बदलला नाहीं. एकदां तोंड पोळलें होतें. पहिल्या रात्रीं जुनाच सेल ठेवून स्विच चालू ठेवला. सकाळीं यंत्र तत्काळ उठलें. दुसऱ्या रात्रीं स्विच बंद केला; सकाळीं काळा पडदा. या वेळीं कोणालाहि बटणाला हात लावूं दिला नाहीं. सर्वजण घड्याळ घेऊन बसलों. दोनदां यंत्र आपण होऊन बंद पडलें, दोनदां आपण होऊन सुरू झालें, आणि एक मिनिट चाळीस सेकंदांनीं चित्र आलें. तारीख २०१९. महिनाभर जें कोणी केलें नव्हतें तें एवढेंच होतें. तिसऱ्या रात्रीं नवा सेल घालून, तारीख, रॅमचा वेग व डिस्कांचा क्रम पुनः लिहून स्विच बंद केला. चौथ्या सकाळीं बटण दाबल्यावर बहिणीनें चहाचा कप खालीं ठेवण्याच्या आंत विंडोज हजर. सेलाला चाळीस रुपये पडले. "मामा, मी नव्या मदरबोर्डाचे भाव काढून ठेवले होते," भाचा म्हणाला, आणि बराच वेळ गप्प राहिला. मुलगा हुशार आहे. त्याला आणखी कांहीं सांगावें लागलें नाहीं.

ज्यांना हा उपाय घरीं करावयाचा असेल त्यांनीं आधीं प्लग भिंतींतून काढावा, नुसता स्विच बंद करून भागवूं नये, आणि आंत हात घालण्यापूर्वीं कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदां स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. सेल काढण्यापूर्वीं पडद्यावरील जुनी मांडणी वहींत उतरून घ्यावी, किंवा फोननें तिचें छायाचित्र घ्यावें. सेलाची अधिक खूण असलेली बाजू वर राहते. आणि जुना सेल टेबलावर तसाच टाकूं नये. लहान मूल घरांत असेल तर ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. हा सेल मुलानें गिळला आणि तो अन्ननलिकेंत अडकला तर दोन तासांच्या आंत तेथें भाजल्यासारखी जखम होऊं शकते. अशा वेळीं घरगुती उपायांत वेळ न दवडतां मुलास तडक दवाखान्यांत न्यावें. नव्या सेलाचें वेष्टन कात्रीनें कापावें लागतें तें याचसाठीं. त्रासिक वाटतें, पण तें योग्य आहे.

रात्रीं स्विच बंद करण्याचा नेम बहिणीनें सोडलेला नाहीं, आणि मींहि सोड म्हटलें नाहीं. वैशाखांतलें वळीव सेलापेक्षां महाग पडतें. प्रकरणांची प्रत आतां दर शनिवारीं पेनड्राइव्हवर जाते, आणि तो पेनड्राइव्ह देवघराच्या कपाटांत राहतो. अठराव्या प्रकरणावरची तारीख भाचा दुरुस्त करणार होता. नाना म्हणाले, राहूं दे. सत्याहत्तर वर्षांपूर्वींची गोष्ट सांगतांना माझ्याहि तारखा इकडे-तिकडे होतच असतील. मी निघालों त्या दिवशीं दुपारीं तेविसावें प्रकरण सुरू झालें. तें त्या कुलुपाचें होतें. खिडकींतून नानांच्या वडिलांना आंत काय दिसलें, तें. एस.टी.ची वेळ झाल्यामुळें मला तें पुरतें ऐकावयास मिळालें नाहीं. बहीण टाइप करीत होती, आणि 'कालनिर्णया'वर त्या दिवशींच्या चौकोनांत दुधाच्या आंकड्याशेजारीं लिहिलेलें होतें: "ल. सेल नवा."